पाचट, जिवाणू आणि उसाची मुळे : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व संचालक मंडळे,
सांगली जिल्ह्यातील सर्व सहकारी साखर कारखाने.

विषय : खोडव्यातील पाचट जाळणे थांबवून जमिनीतील सूक्ष्मजीवांना ऊसविकास कार्यक्रमात मध्यवर्ती स्थान देण्याबाबत.

महोदय,

कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात ऊस तुटून गेला की रानोरान पाचट पेटवले जाते, आणि त्याच हंगामात त्याच सभासदाला अनेक कारखान्यांच्या गट कार्यालयांतून ॲसिटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा यांची पाकिटे किंवा बाटल्या दिल्या जातात. एका हाताने जिवाणूंचे अन्न जाळायचे आणि दुसऱ्या हाताने जिवाणू विकत आणून त्याच उपाशी जमिनीत सोडायचे, अशी ही विसंगती आहे. तिच्याकडे संचालक मंडळांचे लक्ष वेधणे एवढाच प्रस्तुत पत्राचा हेतू आहे. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, बिसूर या पट्ट्यात ऊस, हळद, सोयाबीन आणि पूर्वेकडे सरकत गेल्यास द्राक्ष अशी पिके एकमेकांना लागून असल्याने जमिनीच्या सजीवतेचा प्रश्न येथे कोणत्याही एका पिकापुरता राहत नाही. परंतु उसाखालील क्षेत्र, त्याची तोड आणि त्याची नोंद ही तिन्ही सूत्रे कारखान्यांच्या हाती असल्यामुळे या प्रश्नाची सुरुवात कारखान्याच्या शेती विभागापासूनच व्हायला हवी.

सुपीक जमिनीच्या एका ग्रॅम मातीत १०० कोटींच्या आसपास जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्यासोबत बुरशी, ॲक्टिनोमायसिटीस म्हणजे बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि सूत्रकृमी यांची दाट वस्ती असते. ही वस्ती जमिनीत सर्वत्र सारखी पसरलेली नसते. मुळांच्या पृष्ठभागालगत काही मिलिमीटरच्या पट्ट्यात तिची घनता बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या पट्ट्याला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. या दाटीचे कारण असे की वनस्पती पानांत तयार केलेल्या अन्नाचा एक मोठा वाटा शर्करा, अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले यांच्या रूपाने मुळांवाटे मुद्दाम बाहेर सोडते. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते, परंतु या स्रावांच्या मोबदल्यात पिकाला अन्नद्रव्ये, वाढीची संप्रेरके आणि रोगांपासून संरक्षण मिळते, आणि स्रावांचा प्रकार पिकानुसार बदलत असल्याने कोणत्या सूक्ष्मजीवांनी मुळाशी यावे हे काही अंशी पीक स्वतःच ठरवीत असते.

नत्राचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम हवेतील नत्र स्थिर करून पिकाला देतो. उसाच्या बाबतीत मात्र गाठी नसल्याने बराच काळ असे साहाय्य मिळते की नाही याविषयी शंका होती. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहणाऱ्या एका नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. तोच आज ॲसिटोबॅक्टर या नावाने शेतकऱ्यांना परिचित आहे, जरी शास्त्रीय वर्गीकरणात त्याचे नाव पुढे ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे झाले. १० टक्के साखरेच्या द्रावणातही तो उत्तम वाढतो, आणि म्हणूनच उसाच्या कांड्यातील गोड रस हे त्याचे हक्काचे घर ठरते. तो नत्राबरोबरच इंडोल ॲसिटिक आम्ल हे मुळे वाढविणारे संप्रेरकही तयार करतो.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे की हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात बेणे ३० मिनिटे बुडवून लागण करावी, आणि तसे केल्यास नत्राच्या मात्रेत ५० टक्के व स्फुरदाच्या मात्रेत २५ टक्के बचत करता येते. येथे क्रम महत्त्वाचा असतो. बेण्याला बुरशीनाशक व कीटकनाशक यांची प्रक्रिया आधी करायची, ते निथळू द्यायचे आणि जिवाणूंची प्रक्रिया त्यानंतर स्वतंत्र द्रावणात करायची असते. प्रत्यक्षात मजुरांची घाई, पिंपांची कमतरता आणि लागणीच्या दिवशीचे पाण्याचे वेळापत्रक यांमुळे दोन्ही औषधे एकाच पिंपात ओतली जातात किंवा अर्ध्या तासाची बुडवण दोन मिनिटांवर येते. त्यानंतर ऊस नेहमीसारखाच आला की दोष जिवाणूंच्या माथी बसतो आणि पुढच्या वर्षी तो सभासद त्या वाटेला जात नाही.

स्फुरदाची कथा काळ्या जमिनीत अधिक बिकट आहे. चुन्याचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्या जमिनीत दिलेल्या सुपर फॉस्फेटचा बराचसा भाग काही दिवसांतच कॅल्शियमशी जखडून पिकाच्या आवाक्याबाहेर जातो. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून हा बंध सैल करतात. मायकोरायझा या बुरशीचे काम वेगळ्या प्रकारचे असून ते फार प्राचीन आहे. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ मध्ये या सहजीवनाला नाव दिले, आणि ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आढळल्या आहेत. या बुरशीचे तंतू मुळात शिरून राहतात आणि बाहेर मुळांच्या पोहोचेपलीकडील मातीतून स्फुरद, जस्त व पाणी आणून देतात. हे तंतू वारंवारच्या खोल नांगरटीने तुटतात आणि स्फुरदाचा भडिमार केलेल्या जमिनीत पीक स्वतःच या बुरशीला आश्रय देणे कमी करते. ज्या रानात दर लागणीला दोनदा नांगर आणि वर भरमसाट डीएपी पडते, तेथे मायकोरायझाचे पाकीट फोडण्याचा फारसा उपयोग होत नाही, हे सभासदांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

रोगप्रतिकाराकडे वळल्यास सूक्ष्मजीवांचे काम तीन मार्गांनी चालते, आणि ते समजून घेण्याची सुरुवात सांगली जिल्ह्याला सर्वांत जवळच्या पिकापासून, म्हणजे हळदीपासून, करता येते. हळदीच्या कंदकुजीला पिथियम ही बुरशी कारणीभूत असते. पावसाळ्यात सरीत पाणी साचले की ती झपाट्याने पसरते आणि वरून पाने पिवळी पडलेली दिसतात तेव्हा आतील गड्डा मऊ पडून गेलेला असतो. पहिला मार्ग थेट हल्ल्याचा आहे. ट्रायकोडर्मा ही हिरवट रंगाची उपयुक्त बुरशी अशा रोगकारक बुरशींच्या तंतूंभोवती वेटाळे घालते, त्यांची कवचे विरघळवणारी विकरे सोडते आणि त्यांच्यावरच जगते. हा परजीवीपणा वायंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवून दिला होता. दुसरा मार्ग चढाओढीचा आहे. स्युडोमोनास फ्लुरोसन्ससारखे जिवाणू मातीतील लोह घट्ट पकडून ठेवणारी द्रव्ये सोडतात, मुळांच्या पृष्ठभागावरील जागा व अन्न आधीच व्यापतात आणि काही प्रतिजैविके तयार करतात, त्यामुळे रोगकारकाला पाय रोवायला जागा उरत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण आहे, कारण त्यात जिवाणू रोगकारकाला स्पर्शही करीत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९९१ मध्ये व्हान पीर आणि सहकाऱ्यांनी कार्नेशन या फुलझाडाच्या मुळांना स्युडोमोनासचा एक प्रकार लावला आणि मर रोगाची बुरशी मात्र खोडात सोडली. जिवाणू मुळाशी आणि बुरशी खोडात, अशी दोघांची गाठ पडण्याची शक्यताच नसताना रोगाचे प्रमाण घटले. याचा अर्थ असा की मुळाशी असलेल्या जिवाणूने संपूर्ण झाडाची संरक्षणयंत्रणा सावध केली होती, आणि जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन यांच्या संदेशांवाटे ही सावधता मुळापासून पानापर्यंत पोहोचते असे पुढील संशोधनातून दिसून आले. या परिणामाला प्रेरित प्रतिकारशक्ती म्हणतात. त्यामुळे झाड रोगमुक्त होते असा त्याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. रोग आल्यावर झाड अधिक लवकर आणि अधिक जोराने उत्तर देते, इतकाच त्याचा अर्थ.

काही जमिनी स्वभावतःच रोग दाबून टाकणाऱ्या असतात हेही सिद्ध झाले आहे. फ्रान्समधील शातोरनार येथील मातीत मर रोगाची बुरशी असूनही खरबुजाला रोग फारसा होत नसे. ती माती वाफेने निर्जंतुक केल्यावर हा गुण नाहीसा झाला आणि मूळ मातीचा थोडा अंश मिसळल्यावर तो परत आला. गुण मातीच्या खनिजांत असता तर वाफेने तो गेला नसता. तो तेथील सजीवांच्या समूहात होता, आणि समूह टिकतो तो अन्न, ओल आणि हवा मिळत राहिल्यामुळे.

सांगली जिल्ह्याला जैविक उपायांची ताकद नव्याने पटवून द्यावी लागू नये. जुलै २००२ मध्ये याच जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रात पसरला. दाट वाढलेल्या उसात फवारणी पोहोचत नव्हती, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांनी त्याला आवर घातला. त्या वेळी परभक्षी असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन लावणारे शेतकरी आजही आपले सभासद आहेत. नदीकाठच्या रानांना छळणाऱ्या हुमणीच्या बाबतीत हाच मार्ग जमिनीखाली चोखाळावा लागतो. मेटारायझियम ही बुरशी हुमणीच्या अळीच्या कातडीतून आत शिरून तिला मारते. एली मेचनिकॉफ यांनी १८७९ मध्ये ओडेसा परिसरातील गव्हाच्या भुंगेऱ्यांवर तिचा अभ्यास केला होता. तथापि तिला ओल आणि सेंद्रिय पदार्थांचा आसरा लागतो, आणि राख पसरलेल्या उघड्या रानात या दोन्ही गोष्टी नसतात.

येथे पाचटाचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते. एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात ०.४२ ते ०.५० टक्के नत्र, ०.१७ ते ०.२० टक्के स्फुरद, ०.९० ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो, म्हणजेच हेक्टरी अडीच ते चार टन कर्ब आणि सुमारे ३४ ते ५० किलो नत्र आगीच्या स्वाधीन होते. पालाश आणि स्फुरद यांचा काही भाग राखेत उरतो, परंतु नत्र व कर्ब धुराबरोबर निघून जातात. आगीमुळे जमिनीचा वरचा पातळ थर भाजून तेथील जिवाणू मरतात ही तक्रार खरी आहे. तथापि खालच्या थरातून ते काही काळाने पुन्हा वर येऊ शकतात. त्याहून मोठे नुकसान असे की वर आल्यावर त्यांना खायला काहीच उरलेले नसते. जिवाणूंच्या दृष्टीने पाचट जाळणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर घरातील धान्याची कणगी पेटवून देणे होय.

मग शेतकरी पाचट का जाळतो, याचे उत्तर त्याच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. पाचट ठेवलेल्या खोडव्यात सुरुवातीला पीक पिवळे पडते, हा त्याचा अनुभव खरा आहे आणि त्याचे कारण सूक्ष्मजीवशास्त्रातच सापडते. पाचटात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८० ला १ असते, तर जिवाणूंना स्वतःचे शरीर बांधण्यासाठी सुमारे ८ ते १० भाग कर्बाला १ भाग नत्र लागते. पाचट कुजवताना कमी पडणारे नत्र ते जमिनीतून उचलतात आणि काही आठवडे पिकाच्या तोंडचा घास काढून घेतात. पाचट कुजत गेले आणि जिवाणू मरत गेले की तेच नत्र पिकाला परत मिळते. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस याच कारणाने केलेली आहे. हा युरिया पिकासाठी नसून जिवाणूंसाठी आहे, हे कोणी समजावून न सांगितल्यामुळे अनेक जण तो खर्च वाचवतात, खोडवा पिवळा पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावली जाते. पाचट सरीत बसवणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, वरील मिश्रण पसरून पाणी देणे आणि पुढची खते पहारीने मुळाशी देणे एवढे नीट जमले तर पाचटाखालची ओल टिकते, तण दबते आणि एकदोन पाण्याच्या पाळ्या वाचतात.

पाण्याचा उल्लेख झाल्यावर क्षारपड जमिनींकडे डोळेझाक करता येत नाही. मिरज, पलूस आणि वाळवा तालुक्यांतील कितीतरी चांगल्या काळ्या जमिनी अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी पांढऱ्या पडल्या आहेत. पाणी साचलेल्या जमिनीत प्राणवायू संपतो, हवेवर जगणारे उपयुक्त जिवाणू मागे पडतात आणि त्यांच्या जागी आलेले काही जिवाणू युरियातून तयार झालेल्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करून ते हवेत सोडून देतात. वरून दिलेले खत अशा रानात जिवाणूच उधळून लावतात. तेथे निचऱ्याचे चर हाच पहिला जैविक उपाय ठरतो; कोणत्याही जिवाणू संवर्धकाची बाटली त्यानंतर येते.

संवर्धकांच्या मर्यादाही मोकळेपणाने मान्य करायला हव्यात. बाहेरून सोडलेल्या जिवाणूंना आधीपासून वस्ती करून असलेल्या स्थानिक जिवाणूंशी झगडावे लागते आणि पुष्कळदा त्यात ते हरतात. कडधान्यांतील रायझोबियमचा परिणाम जितका भरवशाचा, तितका इतरांचा नसतो. शिवाय बाजारात येणाऱ्या प्रत्येक बाटलीत जिवंत जिवाणू असतातच असे नाही. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जैविक खतांचा समावेश असून पावडरच्या स्वरूपातील खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असणे बंधनकारक आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गोदामात एप्रिल आणि मे काढलेल्या मालात ही संख्या टिकेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ट्रायकोडर्मासुद्धा थेट रानात फेकण्यापेक्षा चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर वाढवून मग हळदीच्या गड्ड्यांभोवती दिल्यास अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला तोवर अन्न आणि संख्या दोन्ही मिळालेली असतात.

या परिसराला असे विचार नवे नाहीत. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांसोबत पालापाचोळा, पांढरी मुळे आणि मातीची सजीवता यांकडे लक्ष वेधले, आणि कोल्हापूरचे शेतकरी व अभ्यासक प्रताप चिपळूणकर यांनी उसाची मुळे व बुडखे जमिनीत जागच्या जागी कुजू देऊन विनानांगरणीने शेती करण्याचा आग्रह सातत्याने धरला. फलटण तालुक्यातील पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे, आणि मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र या जिल्ह्याच्या दारातच आहे. ज्ञानाची उणीव नाही. ते गट कार्यालयापासून सरीपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था मात्र कारखान्यांशिवाय दुसऱ्या कोणाकडेही नाही.

म्हणून संचालक मंडळांना विनंती अशी की येत्या गळीत हंगामाच्या तोडणी करारातच पाचट न पेटवण्याची अट घालावी आणि ती पाळणाऱ्या सभासदाला पाचट कुट्टी यंत्र माफक भाड्याने, तोड झाल्यापासून आठवड्याच्या आत, उपलब्ध करून द्यावे. कारण यंत्र तीन आठवड्यांनी आले तर फुटवे वर आलेले असतात आणि काडी लावणे हाच मार्ग उरतो. पाचटासाठीचा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू एकत्रच द्यावेत, वेगवेगळ्या बिलांवर देऊ नयेत. प्रत्येक खेपेतील संवर्धकाची जिवंत पेशींची मोजणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत करून तो आकडा गट कार्यालयाच्या फलकावर लावावा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात, पण त्यांतील एकही घटक जमिनीतील सजीवांचा थेट अंदाज देत नाही. सेंद्रिय कर्बाचा आकडा तेवढा त्याच्या जवळ जातो, तेव्हा किमान तो आकडा गट नंबरनिहाय दर तीन वर्षांनी नोंदवून उसाच्या टनेजशेजारी ठेवावा. कारखान्यातून निघणारे प्रेसमड जैववायू प्रकल्पांकडे वळवण्याचा विचार अनेक ठिकाणी सुरू आहे. त्यातून मिळणारे उत्पन्न महत्त्वाचे असले तरी प्रकल्पातून उरणारा चोथा सभासदांच्या रानात परत येईल याची लेखी तरतूद करारात असल्याशिवाय तो निर्णय घेऊ नये.

या सर्व बाबी एकाच वर्षात सर्व गटांत शक्य नसतील, तर प्रत्येक कारखान्याने एक गाव निवडून तेथील संपूर्ण खोडवा क्षेत्र सलग तीन हंगाम आगीविना ठेवावे आणि त्याचे उत्पादन, खताचा खर्च, पाण्याच्या पाळ्या, हुमणीचा उपद्रव व सेंद्रिय कर्ब यांचे आकडे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापावेत. त्या पहिल्या गावासाठी माधवनगर परिसराचा विचार व्हावा, अशी येथील सभासदांची विनंती आहे.

आपला,
माधवनगर परिसरातील एक ऊस उत्पादक सभासद
माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली